‘एकच प्याला’ अभ्यासताना नाट्यसंज्ञा लक्षात कशा ठेवाव्यात?

तुम्ही म्हणता, बी.ए.ला राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ हे नाटक लागलंय, गाइडमध्ये संज्ञांची पानंच्या पानं आहेत आणि पाठ केलेली व्याख्या उत्तर लिहिताना कुठे लावायची तेच कळत नाही. मी नागपुरात हौशी नाटकं करतो, अधूनमधून पोरांना शिकवतोही. माझ्या मते, व्याख्या पाठच करू नका. प्रत्येक संज्ञेला नाटकातली एक जागा नेमून द्या. जागा आठवली की व्याख्या तुमच्याच शब्दांत लिहिता येते.

सगळ्यात जास्त मार्क जातात ते हॅमर्शियावर, म्हणजे शोकांत नायकाचा घात करणारी त्याच्यातली उणीव किंवा त्याच्या हातून होणारी चूक. निम्मी मुलं लिहून येतात, नायक सुधाकरची उणीव दारू. पण दारूचा थेंबही न घेतलेला सुधाकर आधी बघा ना. हुशार आणि तितकाच मानी वकील. कोर्टात अपमान होतो, सनद काही काळ रद्द होते आणि ते त्याला सोसवत नाही. त्याचा दारुडा कारकून तळीराम पेला पुढे करतो तो त्या दुखऱ्या जागेवर इलाज म्हणून. उणीव आहे ती हा मानीपणा. एवढं नीट मांडलंत तर उत्तर अर्धं झालं.

स्थितिविपर्यास म्हणजे ज्या कृतीतून भलं व्हावं, तिच्यातूनच उलटं घडणं. गाइडं तो पहिल्या प्याल्यावर दाखवतात. मला पटत नाही, तिथे तर घसरण नुकती सुरू होतेय. खरा विपर्यास पुढे आहे. सुधाकर दारू सोडतो, गेलेली इज्जत परत मिळवायला प्रतिष्ठितांच्या दारी काम मागायला जातो, तिथे हिडीसफिडीस होते आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. सुधारण्याची धडपडच त्याला बुडवते. अभिज्ञान, म्हणजे आपण काय करून बसलो याची नायकाला येणारी जाण, ती मूल गेल्यावर आणि बायको सिंधू मरणाच्या दारात असताना. तोवर फार उशीर झालेला असतो, म्हणून तर ही शोकांतिका.

नाट्यात्म उपरोध म्हणजे पात्राला ठाऊक नसलेलं प्रेक्षकाला ठाऊक असणं. इथे तो नाटकाच्या नावातच आहे. ‘एकच’ हे सुधाकरला खरं वाटतं, आपल्याला नाही. देशपांडे सभागृहात एका हौशी प्रयोगाला मागच्या रांगेतून कुणीतरी चक्क ओरडलं, ‘आता नको पिऊ न बे!’ बाकीचे हसले, पण नाट्यात्म उपरोधाचं याहून चांगलं उदाहरण मी आजवर पाहिलेलं नाही.

स्वगताबद्दल थोडक्यात: पात्र मनातलं बोलतं, ते आपण ऐकतो, रंगमंचावरच्या इतरांना ते ऐकू जात नाही असं मानायचं.

तळीरामाचं आर्य मदिरा मंडळ, म्हणजे त्याची दारुड्यांची टोळी, हे कॉमिक रिलीफ, म्हणजे ताण हलका करणारा विनोद, हे सगळेच लिहितात. तुम्ही पुढचंही लिहा, की ज्याच्यावर आपण हसतो तोच पेला भरून देतो. म्हणजे हसतानाही ताण पुरता उतरत नाही.

फॉइल, म्हणजे एका पात्राचे रंग उठून दिसावेत म्हणून शेजारी उभं केलेलं दुसरं पात्र. त्यासाठी तळीरामाची बायको गीता आणि सिंधू घ्या. दोघी दारुड्यांच्या बायका. एक फटकळ, नवऱ्याला तोंडावर सुनावणारी, दुसरी सगळं गिळणारी. सिंधू शेवटी नवऱ्याला वाचवायला खोटंही बोलते. आजच्या वाचकाला गीता जवळची वाटते, मलाही. तसं बेधडक लिहा, फक्त कारण द्या.

उपकथानक सुधाकरचा मित्र रामलाल आणि सुधाकरची विधवा बहीण शरद यांचं. मला ते लांबलेलं वाटतं, पण त्याला काम आहे. सुधाकरला उपदेश करणाऱ्या रामलालचाही शरदपुढे तोल जातो, म्हणजे मोह फक्त दारूचा नसतो.

शेवटी एक व्यावहारिक सूचना. ‘कशि या त्यजू पदाला’ उदाहरणाला घेतलंत तर ते गडकऱ्यांच्या नावावर टाकू नका, सिंधूची पदं वि. सी. गुर्जरांची आहेत. गडकरी 23 जानेवारी 1919 ला गेले, तेही आपल्या इथल्या सावनेरला. बालगंधर्वांची सिंधू रंगमंचावर आली ती त्यानंतर. त्यामुळे ‘गडकऱ्यांनी प्रयोग पाहून बदल केले’ असलं काही गाइडमध्ये दिसलं तर सरळ काट मारा.