गाडी तुमची, बॅटरी पोराच्या हातात

प्रश्न : मॅडम, मी बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातला, पतसंस्थेत कॅशियर, वय ४८. आजोबांनी घेतलेली १९२९ ची फोर्ड, मॉडेल ए, कापडी टपाची, आमच्या परड्यातल्या शेडमध्ये पस्तीस वर्षं उभी आहे. मुलगा सेकंड पीयूसी (बारावी) सायन्सला आहे, फर्स्टला ५८ टक्के पडले. त्याला ऑटोमोबाईल इंजिनिअरिंग करायला लावून पुढं जुन्या गाड्या रिस्टोअर करायचा धंदा काढून द्यायचा असं मी ठरवलंय. पहिली आमचीच गाडी, लग्नसराईत भाड्यानं देता येईल. पण आता तो बी.कॉम. म्हणतोय. सहावीपासून माझ्याबरोबर गाडीपाशी असतो, सगळ्या पार्ट्सची यादी त्यानंच केली, मग आवड नाही असं कसं म्हणायचं? मार्कांना घाबरला असेल का? कॉलेज कुठलं घ्यावं आणि त्याला कसं समजवावं?

उत्तर :

दादा, वर छापलंय ते थोडक्यात, तुमचं मूळ पत्र साडेतीन पानांचं आहे. मी पेन घेऊन बसले आणि मोजलं. तीन पानं गाडी, आणि उरलेल्या अर्ध्यात मुलगा, फी, कॉलेज, पाहुणे, सगळं. एवढ्या पानांत पोरगं एकदाच बोललंय, "बाबा, मला बी.कॉम. करायचंय", आणि त्याच्या पुढचीच ओळ तुमची, "त्यानंतर आठ दिवस मी त्याच्याशी बोललो नाही". ५८ टक्क्यांचं मला काही वाटलं नाही, फर्स्ट पीयूसीला दहावीच्या हवेत असलेली भलीभली पोरं आपटतात. मला त्या आठ दिवसांचं वाटलं. एकाच घरात, एकाच ताटवाट्यांत, आठ दिवस! आणि ते तुम्ही असं लिहिलंय जसं काही गाडी आठ दिवस बंद होती.

आता ती आवडीची गोष्ट. तुम्ही लिहिता, दर रविवारी तो बॅटरी धरून उभा असतो (बॅटरी म्हणजे टॉर्च, गाडीची नव्हे), उजेड हलला की मी ओरडतो, तरी पुढच्या रविवारी येतोच, ही आवड नाही तर काय. ओ दादा, रविवारी सकाळी बापाशेजारी दोन तास उभं राहायला मिळतं एवढ्यासाठी पोरं काय काय धरून उभी राहतात! सहा वर्षांत त्याच्या हातात पाना कितीदा दिलात? पत्रात एकदाही दिसला नाही. बोनेटमध्ये तुमचं डोकं, तुमचे हात, आणि त्याच्याकडं फक्त उजेड. त्याला गाडी आवडते की बाबा आवडतात हे त्याला विचारलंय का कधी, आणि विचारलं असेल तर आवाज केवढा होता?

दुसरं एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, मी तिथं थांबले. दहावीनंतर तुम्हाला आयटीआयला मोटर मेकॅनिक करायचं होतं, वडील म्हणाले वंगणात हात घालणारं आपल्या घराण्यात कुणी नाही, आणि तुम्हाला बी.कॉम.ला घातलं. त्याचा राग तुमच्यात अजून आहे, कॅश मोजता मोजता इतकी वर्षं झाली तरी आहे, आणि तो रास्तच आहे. पण वडिलांनी तुमच्या हातातला पाना काढून खातेवही दिली, तुम्ही पोराच्या हातातली खातेवही काढून पाना देताय. पोराच्या जागेवरनं बघा की, फरक कुठाय?

तुम्ही किर्लोस्करांचा दाखला दिलाय, १८८८ ला बेळगावात सायकलच्या दुकानापासनं सुरुवात केली, आपल्याच मातीतले, गुर्लहोसूरचे. बरोबर. पण त्याआधीचं सोडून दिलंत. लक्ष्मणराव मुंबईला गेले ते जे. जे. मध्ये चित्रकला शिकायला, तिथं कळलं की डोळ्यांना रंग नीट ओळखू येत नाहीत, मग ते यंत्रांच्या ड्रॉइंगकडं वळले. तेव्हा थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी राहिले, "चित्रकलेलाच पाठवलं होतं, आता चित्रकारच हो" म्हणून अडून नाही बसले. दाखला द्यायचाच तर सगळा द्या.

आता ऑटोमोबाईल इंजिनिअरिंगचं, कारण हा गैरसमज नुसता तुमचा नाही, महिन्यातनं एक तरी पालक घेऊन येतो. ऑटोमोबाईलची डिग्री घेतली म्हणजे जुनी गाडी उभी करता येते, असं नसतं हो. चार वर्षांत गणितं, डिझाईन, कॉम्प्युटरवरची मॉडेलं, एमिशन, आता तर मोटर आणि बॅटरी पॅकच जास्त, आणि ते योग्यच आहे कारण नोकऱ्या तिकडं आहेत. तुमच्या फोर्डच्या इंजिनात बेअरिंगचे सुटे, बदलता येणारे शेल नाहीत, व्हाइट मेटल (एक मऊ धातू) वितळवून तिथंच ओतलेलं आहे, ते गेलं की परत ओतायचं, मशिनवर बोर करायचं, मग निळी शाई लावून शाफ्ट फिरवून बघायचं कुठं टेकतंय आणि तेवढंच हातानं खरवडायचं. हे बी.ई.च्या कुठल्या सेमिस्टरला असतं? मडगार्डचा गंजलेला कोपरा कापून नवा पत्रा ठोकून वळवणं, टपाच्या लाकडी कमानी, गादीकाम, ही सगळी हाताची कामं, आयटीआयच्या फिटर, टर्नर, वेल्डर, शीट मेटल, मोटर मेकॅनिक ट्रेडच्या जवळची, आणि पुढं कुणा म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली दहा वर्षं घासल्यावर येणारी. अमेरिकेत कॅन्ससमध्ये मॅकफर्सन कॉलेज आहे, तिथं रिस्टोरेशनची चार वर्षांची डिग्रीच मिळते, पण तिथली फी रुपयांत करून बघा आणि मग माझ्याशी बोला. म्हणजे मुलाला खरंच ह्यात यायचं असतं तरी मी तुम्हाला बी.ई. सुचवलं नसतं, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतलं जीटीटीसी (सरकारी टूल रूम आणि ट्रेनिंग सेंटर) नाहीतर आयटीआय सांगितलं असतं, आणि तेव्हा पाहुण्यांना काय सांगायचं हा प्रश्न तुम्हालाच पडला असता.

इंजिनिअरिंगला जायचंच ठरलं तर केसीईटी, म्हणजे कर्नाटकची प्रवेश परीक्षा, आणि गाव महाराष्ट्राच्या दाव्यातल्या ८६५ सीमागावांच्या यादीतलं असेल तर महाराष्ट्रात सीमाभागाच्या जागांवरही अर्ज करता येतो, तुम्हाला हे माहीत असणारच. सायन्सवरनं बी.कॉम.ला जायचं तर कॉलेजात जाऊन अट विचारून घ्या, त्यात अवघड काही नाही.

आता मुलाच्या यादीबद्दल, कारण सगळ्या पत्रात मला खरा मुलगा तिथंच दिसला. इंजिनाच्या डाव्या बाजूला, पाणी आत जातं त्या तोंडाच्या वर नंबर ठोकलेला असतो. तिथला चिकटा तुम्ही चिंधीनं पुसलात, त्यानं बॅटरी तिरकी धरून वाचलं, सुरवातीला "सीए". तुम्हाला वाटलं नुसती अक्षरं आहेत. रात्री दीड वाजेपर्यंत बसून त्यानं शोधलं की सीए म्हणजे कॅनडाच्या फोर्डचं इंजिन, त्या काळी इंग्रजांच्या ताब्यातल्या देशांना उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या तिकडनं यायच्या. मग पार्ट नंबर लावत एक्सेलची शीट केली. ए-९५१० हा झेनिथचा कार्बोरेटर असायला हवा, आपल्या गाडीला कुणीतरी जीपचा लावलाय, हेही त्यानंच पकडलं. काय मूळचं, काय बदललेलं, काय गायब, तीन रंगांत. तुम्ही ह्याला "यादी केली" म्हणता. अहो, मूळ पार्ट शोधायचं अर्धं काम हेच असतं. मॉडेल ए सुमारे ४८ लाख निघाल्या, म्हणून गॅस्केटपासनं वॉटर पंपापर्यंत बरंच काही अमेरिकेत आजही नवं बनतं, पण ते बहुतेक डाव्या स्टिअरिंगवाल्यांसाठी, उजव्या बाजूचे जे मोजके पार्ट वेगळे येतात तिथं घोडं अडतं. चोर बाजारात किंवा बेंगळूरच्या जे.सी. रोडला जाऊन "फोर्डचा पार्ट आहे का" विचारलं की दुकानदार समोर असेल ते फोर्डचंच म्हणून देतो. नंबर, साल आणि मापं लिहिलेला कागद खिशात असला की आवाज बदलतो.

आता तुमच्या मनात काय आलं तेही सांगते, "मग पार्ट्सचाच धंदा काढून देतो की त्याला!" थांबा. ह्यातनं एवढंच दिसतं की पोराला विस्कटलेली माहिती लावून ठेवायला, खरं-खोटं तपासायला आवडतं. ऑडिट म्हणा, कस्टम आणि आयातीची कागदपत्रं म्हणा, विम्याचा सर्व्हे म्हणा, अशा डोक्याला बी.कॉम.नंतर पुष्कळ वाटा आहेत. कुठली घ्यायची ते तो वीस-एकवीसचा झाल्यावर ठरवेल. पतसंस्थेतला तुमचा कंटाळा हा कॉमर्सचा दोष नाही.

मग गाडीचं काय? तर हे करिअर मार्गदर्शन मी तुम्हालाच देते, कारण साडेतीन पानांत ज्याला हे करायचंय असा एकच माणूस मला सापडला. तुम्ही ४८ चे आहात, रिटायर व्हायला बारा वर्षं, रविवार आहेत, शेड आहे. तुम्ही शिका. धंदा म्हणून नका, तुमची स्वतःची एक गाडी म्हणून.

लग्नसराईचा बेत आधी डोक्यातनं काढा. २०२१ च्या केंद्राच्या नियमांत पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नव्या नोंदणीला २०,००० फी, दहा वर्षांची मुदत, नंबरात व्हीए ही अक्षरं. पण ती रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरायला, एवढंच. नवरदेव त्यात बसत नाही. आणि चौथ्या पानाच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलंय तसं "नाहीच जमलं तर जीपचं डिझेल इंजिन टाकू", तसं केलंत तर व्हिंटेजच्या व्याख्येतनंच गाडी बाहेर, कारण इंजिन, चासी, बॉडीत फेरफार चालत नाही. कोल्हापूरला दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक निघते तेव्हा लोक रस्त्याच्या दुतर्फा का उभे राहतात? ती गाडी तीच आहे म्हणून.

आमचे हे उद्यमबागेत पॅटर्न शॉपला (ओतकामासाठी लाकडी नमुने करतात तिथं) तीस वर्षं होते, त्यांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. जाम झालेलं इंजिन ट्रॅक्टरनं ओढून गिअरमध्ये सोडवायचं वाचून ते खुर्चीतनं उठलेच. तसं अजिबात करू नका म्हणाले, प्लग काढा, चारी भोकांतनं डिझेल आणि ऑइल सोडा, आठवडाभर तसंच राहू दे, मग हातानं थोडं हलवून बघा, नाही हललं तर परत सोडा. (आठ दिवस गप्प बसायची तुम्हाला सवय आहेच.) आणि हँडल मारायची वेळ येईल तेव्हा स्टिअरिंगखालची स्पार्कची लिव्हर वर करून रिटार्ड केल्याशिवाय (म्हणजे ठिणगी उशिरा पडेल असं केल्याशिवाय) मारू नका, उलटा झटका आला तर मनगट जातं. पेट्रोलची टाकी काचेच्या पुढं, पायांच्या वर आहे, पंप नाही, पेट्रोल वजनानंच खाली येतं, त्यामुळं खानापूरच्या पावसानं टाकी आतनं गंजली असेल तर ती भुकटी सरळ कार्बोरेटरात उतरते. टाकी आधी.

जो पार्ट कुठंच मिळणार नाही त्याला बेळगावसारखं गाव नाही, इथं फौंड्र्या आहेत. पण जुनाच पार्ट वाळूत दाबून "असाच ओता" म्हणालात तर फसाल. बीड (ओतीव लोखंड) थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणजे दोनशे मिलिमीटरचा पार्ट दोन मिलिमीटर बारका निघतो आणि बोल्टाची भोकं जुळत नाहीत. म्हणून पॅटर्नवाला आधीच मोठ्या मापाचं लाकूड करतो, मशिनिंगला वेगळं सोडतो, त्याची पट्टीच वेगळी असते. एका नगासाठी फौंड्रीवाला तोंड वाकडं करतो, चहा पाजा, दोनदा जा, तिसऱ्यांदा घेतो.

खोलायच्या आधी प्रत्येक गोष्टीचा फोटो काढा. माझ्या मामांनी फोटो न काढता मोटरसायकल खोलली होती, ती एकोणीस वर्षं दोन पोत्यांत राहिली आणि शेवटी मामी म्हणाली की तिला माळा हवाय.

मुलाशी आज रात्रीच बोला. समजवायला जाऊ नका. "बी.कॉम.चा फॉर्म कधी निघतो" एवढंच विचारा आणि पुढं तो काय सांगेल ते ऐका. शीट त्याच्याकडं मागायची असेल तर मागा, त्याचं काम म्हणून मागा. रविवारी त्याला उठवू नका, यायचं असेल तर येईल. उजेडासाठी मागं चुंबक असलेला एलईडी दिवा मिळतो, दोन-तीनशे रुपयांत, बोनेटच्या पत्र्याला आतनं चिकटतो आणि हलत नाही.