फाडलेली पानं

"मॅडम, मी काहीच तडीस नेत नाही." पणजीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य वर्षातून दोनदा फार ऐकू येतं, जानेवारी सरताना आणि चवथीनंतर महिन्याभराने. ठरवलेलं मोडलेलं असतं आणि माणूस स्वतःला आळशी ठरवून मोकळा झालेला असतो.

चोडण बेटावरून एक बाई येत. पस्तिशी ओलांडलेली, नोकरी, शाळकरी मुलगा. पहाटे पाचला उठणं, चालणं, वाचन, सगळं एकवीस दिवसांच्या चॅलेंजवर. जाऊबाईंनी ते पुरं केलेलं, रोजचा फोटो घरच्या ग्रुपवर. यांची वही हातात घेतली तर दोनशे पानी वहीच्या मानाने फारच हलकी लागली. शिवणीपाशी नुसत्या फाटक्या कडा.

"एक दिवस चुकला की पान फाडते. परत पहिल्यापासून."

पहिल्या तीन-चार भेटींत फारसं काही हललं नाही. मग एका संध्याकाळी त्या धावतपळत आल्या.

"सॉरी मॅडम, धक्क्यावर पोचले आणि डोळ्यांदेखत फेरी सुटली."

"मग?"

"मग काय, पुढची घेतली."

"घरी नाही गेलात? उद्या पहिल्या फेरीनेच जाईन म्हणून?"

त्या हसल्या. मग गप्प झाल्या. वहीच्या फाटक्या कडेवरून अंगठा फिरवत राहिल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "जाऊबाईंचा धक्काच वेगळा आहे ना."

मी काही बोलले नाही. अशा क्षणी गप्प राहायला मला कित्येक वर्षं लागली. ते आता जमतं, याचं मला समाधान आहे.

मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर घडलेली. ध्येयाला चिकटलेला 'च' माणसाला दमवतो असं माझं मत आहे. पाचलाच उठलं पाहिजे, रोज झालंच पाहिजे. एकवीस दिवसांत सवय लागते, हा आकडाही तसाच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या २०१० साली छापून आलेल्या अभ्यासात ९६ जणांनी एकेक नवी सवय लावून पाहिली. ती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात, पण माणसागणिक १८ ते २५४, असा हिशोब निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही दिसलं. हा आकडा मी प्रत्येकाला सांगते, कारण तो ऐकताना समोरच्याचे खांदे सैल होतात.

एका वेळी एकच गोष्ट धरा. वाईटात वाईट दिवशीही जमेल एवढी लहान. ती घड्याळाला न बांधता रोजच्या कामाला बांधा. तुलना करायचीच तर स्वतःच्या मागच्या महिन्याशी करा, आणि घरचा ग्रुप थोडे दिवस म्यूट केला तर कुणी रुसत नाही.

बाईंनी चालणं निवडलं. रायबंदरला उतरायचं आणि बस पुढच्या स्टॉपवरून पकडायची, बस्स.

जुलैत त्या आल्या तेव्हा जूनचं पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. सतरा खुणा, तेरा चौकोन रिकामे. त्यातल्या एकात बारीक अक्षरात लिहिलं होतं, "पाऊस. बाबूला ताप." पान जागच्या जागी होतं.