‘मशीन काढलं आणि श्वास थांबला तर?’

डॉक्टरांनी दिवसा थोडा थोडा वेळ मुलाचा व्हेंटिलेटर, म्हणजे श्वासाचं मशीन, काढून ठेवायला सांगितलं होतं, आणि ही आई तो काढतच नव्हती. तपासणीला गेल्यावर मात्र ‘हो, काढते’ म्हणायची. नवऱ्याला कळलं, घरात भांडण झालं, मग दोघं माझ्याकडे आले.

मुलगा 26व्या आठवड्यात जन्मलेला, फुफ्फुसांचा जुनाट आजार, गळ्यातल्या नळीला मशीन जोडलेलं. आता दोन वर्षांचा. ‘मॅडम, मशीन काढलं आणि त्याचा श्वास थांबला तर?’ अशा घरांतून हा प्रश्न येतोच. ‘काही होत नाही हो’ असं मी म्हणत नाही. लेकराला निळं पडताना तिनं पाहिलंय, तिला ते कसं पटेल?

जन्मानंतरची पहिली दोन-तीन वर्षं फुफ्फुसांत नवे वायुकोश, म्हणजे हवेच्या बारीक पिशव्या, झपाट्याने तयार होतात, म्हणून तर मशीन सोडवायचा विचार करता येतो. आधी दिवसा, मूल जागं असताना, कुणीतरी समोर बसून. झोपेत श्वास उथळ होतो, त्यामुळे रात्रीचा आधार शेवटी सुटतो. हे सगळं तिला तोंडपाठ होतं. थांबायचं कधी, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिची भीती तिथंच अडली होती.

मग डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून आणायला सांगितलं: सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) कितीच्या खाली गेलं, श्वास किती जलद झाला, बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या, की कुणाला न विचारता मशीन परत लावायचं. हे आकडे ज्याच्या त्याच्या मुलाचे. दुसऱ्याचे उसने घेऊ नयेत. मशीन काढलं तरी सॅच्युरेशनचा मॉनिटर चालूच राहतो, हेही तिनं पुन्हा विचारून घेतलं.

त्या कागदावर वजनही होतं. श्वास ठीक दिसतोय पण वजन वाढत नाही, म्हणजे खाल्लेलं सगळं श्वासाच्या कष्टातच खर्च होतंय, मशीन सोडवायची घाई झाली. लवकर सुटलं की चांगलं, असं धरून बसलेले वडील इथं गप्प झाले.

पहिल्यांदा आकडा पडलेला नसतानाही तिनं मशीन लावून टाकलं. लावू दे. पुढच्या वेळी वडिलांनी काढलं, ती कागद घेऊन शेजारी बसली. आता सकाळचा बराच वेळ तो मशीनशिवाय खेळतो. सर्दी झाली तर काही दिवस पुन्हा जास्त वेळ लावावं लागेल, त्याला मागे जाणं म्हणायचं नाही, हे दोघांना आधीच सांगून ठेवलंय.

गेल्या भेटीत तिनंच विचारलं, ‘रात्रीचं कधी?’ ते झोपेची तपासणी झाल्यावर डॉक्टर सांगतील.