बडतर्फ, निलंबित आणि त्यातला 'तर्फ'

प्रश्न असा: कामगार न्यायालयाने एका कामगाराला पुन्हा कामावर घ्यायला लावलं. बातमीचा मथळा 'निलंबन बेकायदा', मजकुरात मात्र 'बडतर्फी'. दोन्ही एकच का?

मुळीच नाही. ही गल्लत ऐकून कान किटले. निलंबित माणूस नोकरीतच असतो; चौकशी चालू असेपर्यंत त्याला गेटबाहेर ठेवतात आणि पहिले ९० दिवस निम्म्या पगाराइतका निर्वाह भत्ता देतात. बडतर्फ झाला की नोकरीच संपली. मथळा चुकला, विषय संपला.

आता 'बडतर्फ'कडे येऊ. यातला 'बड' म्हणजे 'बद', वाईट, असं काही जाणकार छातीठोकपणे सांगतात. साफ चूक. फारसी 'बर' म्हणजे वर, अरबी 'तरफ' म्हणजे बाजू. बरतरफ करणं म्हणजे बाजूला सारणं. हाच 'बर' बरखास्त आणि बरहुकूममध्ये आहे. मग इथेच 'र'चा 'ड' का झाला? माझं मत असं की 'बरतर्फ'मध्ये दोन 'र' लागोपाठ येतात, म्हणून जिभेने पहिला बदलला. बरखास्त, बरहुकूममध्ये एकच 'र', तो टिकला. दोन्ही 'र' टिकवणाऱ्या 'बरकरार'चा दाखला देऊन मला खोडणाऱ्यांनी तो शब्द मराठीत कधीपासून रुळला ते आधी पाहावं. माझ्या मते तो हिंदीच्या वाटेने मागाहून आला.

हाच तर्फ 'एकतर्फी'त आहे, जुन्नरकडच्या निमगाव तर्फे म्हाळुंगे या गावाच्या नावातही आहे (तिथे तर्फ म्हणजे जुना महसुली पोटविभाग). आणि बडतर्फीचा खटला अनेकदा 'एकतर्फी'वरच अडतो. मालकाने केलेल्या चौकशीच्या कागदांत ओळ असते: 'कामगार गैरहजर, चौकशी एकतर्फी चालवण्यात येत आहे.' तारखेची नोटीस त्याला पोचली होती का? आरोपपत्र त्याला कळणाऱ्या भाषेत होतं का? साक्षीदारांची उलटतपासणी घेऊ दिली का? चौकशी अधिकारी स्वतःच तक्रारदार तर नव्हता? महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक कायद्याने नैसर्गिक न्याय, म्हणजे समोरच्याची बाजू निःपक्षपातीपणे ऐकून घेण्याचं तत्त्व, धाब्यावर बसवून किंवा अवाजवी घाईने केलेली बडतर्फी अनुचित कामगार प्रथांच्या यादीत घातली, ती याचसाठी.

मात्र चौकशी सदोष ठरली की कामगार लगेच कामावर येतो, हा समजही चुकीचा. गैरवर्तन न्यायालयापुढे नव्याने सिद्ध करण्याची संधी मालकाला मागता येते. ती मिळाली तर दोन्ही तर्फे साक्षीपुरावा पुन्हा होतो.