सेकंडहँड मिनी पीसीवर विंडोज सर्व्हरची १८० दिवसांची चाचणी आवृत्ती कशी टाकायची आणि तिची मुदत कशी वाढवायची?

तुमचा नेटवर्किंगचा कोर्स चालू आहे, सरावासाठी ८ जीबी रॅमचा जुना मिनी पीसी घेतलाय, त्यावर विंडोज सर्व्हर २०२२ ची मोफत चाचणी आवृत्ती टाकायची आहे आणि १८० दिवस संपल्यावर सगळं बंद पडेल का, ही तुमची काळजी आहे. मुदत वाढवता येते, तीही अधिकृत मार्गाने. पण १८० व्या दिवसाची चिंता करण्याआधी पहिल्या १० दिवसांचा विचार करा. छोट्या मशीनवर माणूस अडकतो तो तिथेच.

झालं असं की ही आवृत्ती टाकताना कुठलीही की लागत नाही, त्यामुळे आपल्याला वाटतं काम झालं. प्रत्यक्षात पहिल्या १० दिवसांत तिने इंटरनेटवरून ॲक्टिव्हेट व्हावं लागतं, नाहीतर मशीन आपोआप बंद होऊ लागतं. आणि मिनी पीसीवर इंटरनेट हीच मोठी अडचण असते. या खोक्यांत बरेचदा घरगुती वापराचं इंटेलचं नेटवर्क कार्ड असतं, उदाहरणार्थ आय२१९-व्ही. त्याचा ड्रायव्हर विंडोज ११ वर निमूट बसतो, पण सर्व्हरवर इन्स्टॉलर सरळ नकार देतो. केबल लावलेली, राउटरचे दिवे लुकलुकताहेत, आणि सर्व्हरला मात्र नेटवर्क कार्ड आहे याचाच पत्ता नाही! मी या ठिकाणी दोन रात्री घालवल्या आहेत. केबल बदलली, राउटर बदलला, पुन्हा इन्स्टॉल केलं. दोष यापैकी कशातच नव्हता.

यातून दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे ड्रायव्हर हाताने बसवायचा: दुसऱ्या संगणकावर ड्रायव्हर उतरवून तो उलगडून पेन ड्राइव्हवर घ्या, डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या अनोळखी कार्डावर ‘अपडेट ड्रायव्हर’ करा, यादीतून स्वतः निवडायचा पर्याय घ्या, ‘हॅव डिस्क’ने ते फोल्डर दाखवा आणि त्याच कार्डाचा ऑफिसच्या मशीनमधला भाऊ, म्हणजे आय२१९-एलएम, निवडा. विंडोज इशारा देईल, ‘यस’ म्हणा. दुसरी वाट सोपी: यूएसबीला लावायचं लॅन अडॅप्टर. शिकणाऱ्याने आधी हेच करावं असं मला वाटतं, कारण पुढे दोन नेटवर्कचा सराव करताना ते अडॅप्टर उपयोगी पडतंच.

वायफायने काम भागवायचं असेल तर सर्व्हरवर वायफायची सेवा मुळात बसवलेलीच नसते, हे लक्षात ठेवा. सर्व्हर मॅनेजरमधून ‘वायरलेस लॅन सर्व्हिस’ हे फीचर टाकून मशीन रीस्टार्ट केल्यावरच वायफाय दिसतं.

आणखी एक गोष्ट जुन्या मशीनची. आतला सीआर२०३२ चा सेल उतरलेला असतो, प्लग काढला की तारीख मागे जाते. चुकीच्या तारखेवर ॲक्टिव्हेशन अडतं. पुढे डोमेनमध्ये (एकाच सर्व्हरच्या ताब्यातल्या संगणकांच्या गटात) तर घड्याळात ५ मिनिटांहून जास्त फरक पडला की कर्बरॉस, म्हणजे डोमेनमध्ये ओळख पटवणारी यंत्रणा, लॉगिनच नाकारतं आणि तुम्ही पासवर्ड तपासत बसता. घड्याळाच्या दुकानातही मिळणारा सेल आहे तो, पहिल्याच दिवशी बदलून टाका. तारीख नीट करायला बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरलाच आहात तर दोन सेटिंग बघून घ्या: व्हर्च्युअलायझेशन (एका मशीनच्या आत दुसरं मशीन चालवायची सोय) चालू, आणि वीज गेल्यावर परत आली की मशीनने आपोआप सुरू व्हावं. लॅपटॉपसारखी बॅटरी या खोक्यात नसते.

टाकायची कृती त्या मानाने साधी आहे. मायक्रोसॉफ्टच्या इव्हॅल्युएशन सेंटरवरून आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलची एकत्र फाइल, घ्या, रूफस हे मोफत साधन वापरून पेन ड्राइव्ह बनवा. आयएसओ नुसती उघडून फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवर फाइली चिकटवू नका. त्यातली मुख्य फाइल ४ जीबीच्या वर गेली की फॅट३२ तिला घेतच नाही. मशीनवरचं आधीचं सगळं पुसलं जाईल, तेव्हा कामाचं आधी काढून ठेवा. यादीत आवृत्ती निवडताना मात्र थांबून वाचा. ज्या नावापुढे ‘डेस्कटॉप एक्स्पिरियन्स’ लिहिलंय तीच घ्या. ते नसलेली घेतलीत तर समोर फक्त काळी खिडकी येते, आणि नंतर त्यावर डेस्कटॉप चढवता येत नाही, पुन्हा पहिल्यापासून टाकावं लागतं. डेटासेंटरऐवजी स्टँडर्ड घ्या, कारण स्टँडर्डची चाचणी पुढे विकतच्या स्टँडर्ड किंवा डेटासेंटर दोन्हीत बदलता येते. डेटासेंटरवरून खाली येता येत नाही.

आता मुदत. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. कमांडचं नाव इंग्रजीत टाइप करायचं: एस, एल, एम, जी, आर ही पाच अक्षरं सलग, मग एक जागा, तिरकी रेघ आणि तिला चिकटून पुढचा शब्द. पुढे डी-एल-व्ही लिहिलंत तर एक खिडकी उघडते, त्यात किती मुदत उरली आणि रीआर्म, म्हणजे मुदत नव्याने सुरू करणं, किती वेळा शिल्लक आहे ते दोन्ही दिसतं. तो आकडा वहीत लिहून ठेवा. मुदत वाढवायची तेव्हा त्याच जागी ‘रीआर्म’ लिहा आणि मशीन रीस्टार्ट करा. पुन्हा १८० दिवस मिळतात.

पण हे दिवस जुन्या दिवसांत मिळवले जात नाहीत, त्या तारखेपासून नव्याने मोजले जातात. मी पहिल्यांदा ७० दिवस हातात असताना, केवळ भीतीपोटी, रीआर्म करून टाकलं. ते ७० दिवस गेले ते गेलेच. मुदतीच्या शेवटच्या आठवड्याची आठवण मोबाइलमध्ये लावा आणि तेव्हाच करा. तारीख चुकली तर सर्व्हर दर तासाला बंद होऊ लागतो. डेटा पुसला जात नाही, पण एखादं काम मध्येच तुटलं तर त्याचा त्रास खरा असतो.

घड्याळ मागे नेऊन किंवा परवाना तपासणारी सेवा बंद पाडून मुदत ताणायचे उपाय तुम्हाला कोणीतरी सांगेल. करू नका. तो परवान्याचा भंग आहे, शिवाय घड्याळ मागे नेलंत की वर सांगितलेल्या कर्बरॉसमुळे तुमचंच डोमेन मोडतं. याच परवान्यामुळे ओळखीच्या दुकानाचा हिशेब किंवा क्लासचा खरा डेटाही यावर ठेवू नका. ही आवृत्ती शिकण्यासाठी आणि पारखण्यासाठी दिलेली आहे.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा: या खोक्यालाच डोमेन कंट्रोलर, म्हणजे डोमेनची खाती आणि लॉगिन सांभाळणारा सर्व्हर, बनवू नका. खोक्यावरच्या बाहेरच्या सर्व्हरवर फक्त हायपर-व्ही (व्हर्च्युअल मशीन चालवणारं विंडोजचं फीचर) ठेवा आणि डोमेन कंट्रोलर आतल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये उभा करा. मग बाहेरच्या सर्व्हरचे रीआर्म संपले तरी व्हर्च्युअल मशीन एक्स्पोर्ट करून बाहेरच्या डिस्कवर घ्यायचं, सर्व्हर नव्याने टाकायचा आणि ते परत आत आणायचं. आतल्या मशीनची मुदत वेगळी चालते, तिची तारीखही लिहून ठेवा. चाचणीवरचा डोमेन कंट्रोलर थेट विकतच्या आवृत्तीत बदलता येत नाही, आधी ती भूमिका काढून घ्यावी लागते. म्हणून तिथे अडकून पडण्यात अर्थ नाही. सोबतीला क्लायंट म्हणून विंडोज ११ एंटरप्राइजची ९० दिवसांची चाचणी आवृत्ती घ्या, होम आवृत्ती डोमेनला जोडता येत नाही. हे सगळं ८ जीबीत दाटीवाटीने बसेल. मिनी पीसीत बहुधा लॅपटॉपचीच रॅम लागते, जमेल तेव्हा १६ करा.

पेन ड्राइव्ह बनवण्याआधी आज एवढंच करा: मशीनवर सध्याचं विंडोज आहे तोवर डिव्हाइस मॅनेजर उघडून नेटवर्क कार्डाचं पूर्ण नाव लिहून घ्या. शेवटी व्ही असेल तर ड्रायव्हर किंवा यूएसबी अडॅप्टर हातात आल्याशिवाय इन्स्टॉलला हात घालू नका.