साडेसातचा डबा

पत्र, थोडक्यात: मावशी, सलाम. मी कोल्हापुरात नदीकडच्या पेठेत राहते. वय 53. 2019 आणि 2021, दोन्ही पुरांत आमच्या घरात पाणी होतं. तेव्हापासून मोबाईलवर एका प्रचारकांचे संदेश ऐकते. युद्धं, साथी, पूर, सगळं बायबलमधल्या मत्तयाच्या 24 व्या अध्यायात लिहिल्यासारखं घडतंय, जगाच्या शेवटाआधीचं महासंकट दाराशी आलंय, असं ते सांगतात. रोज संध्याकाळी साडेसात ते नऊ ऑनलाइन साखळी प्रार्थना असते. त्यामुळे मागच्या बोळातल्या आजींचा रात्रीचा डबा बंद करावा लागला. 2019 ला आम्ही त्यांच्याच माडीवर होतो. त्या आपल्यातल्या, ख्रिस्ती नाहीत, पण त्यांच्या तारणासाठी मी रोज प्रार्थना करते. माझा प्रश्न वेगळाच आहे. रात्री झोप लागत नाही. नवरा हसतो, मुलगा ऐकत नाही. मंडळी, म्हणजे आपण विश्वासणारे, महासंकटाआधी वर स्वर्गात घेतली जाईल, की त्यातून जावं लागेल? देवावर आशा ठेवायची तरी कशी?

सलाम, बाई.

तुमचं मूळ पत्र चांगलं लांबलचक आहे. बायबलच्या शेवटच्या पुस्तकातले, प्रकटीकरणातले शिक्के, कर्णे, वाट्या, श्वापदाची खूण, 666, सगळं तपशीलवार. आजींच्या वाट्याला दोन-तीन ओळी, त्याही ‘माझा प्रश्न वेगळाच आहे’ म्हणून पुसून टाकलेल्या. मी तिथंच अडकले. नवरा हसतो याचं मला फारसं वाईट वाटलं नाही, स्पष्टच सांगते. ज्यांच्या माडीवर पुरात तुमचं अख्खं घर राहिलं, त्या बाई आता रात्री काय खातात?

‘बंद करावा लागला’ म्हणता. कुणी लावला? प्रभूनं तर नक्कीच नाही.

तुम्ही मत्तय 24 चा हवाला दिलाय, म्हणून मी तो काढून शेवटपर्यंत वाचला. तुमचे प्रचारक सूर्य काळवंडतो त्या 29 व्या वचनाच्या आसपास थांबत असावेत. पुढं 36 व्या वचनात तो दिवस आणि ती घटका कुणालाच ठाऊक नाही, असं साफ लिहिलंय. आणि 45 वं वचन वाचलंत का? एवढ्या सगळ्या भूकंप-दुष्काळ-लढायांनंतर येशू विचारतो, विश्वासू दास कोण? घरच्यांना वेळच्या वेळी जेवण देतो तो. धनी परत येईल तेव्हा जो हेच करताना सापडेल, तो धन्य. शेवटच्या काळाबद्दलच्या त्याच अध्यायात आहे हे, दुसरीकडं कुठं नाही. पुढच्याच अध्यायात ‘मी भुकेला होतो’ येतं, ते तुम्हाला पाठ असेलच. तुमच्या हातात नेमकं हेच काम होतं आणि शेवटच्या काळाची तयारी म्हणून तुम्ही तेच सोडलंत. उरली प्रार्थना. आजींच्या आत्म्याची काळजी देवावर, पोटाची कुणावरच नाही!

आधी की नंतर, या प्रश्नावर तुमच्याच लोकांत एकमत नाही. मंडळी संकटाआधीच उचलली जाईल ही शिकवण मोबाईलवर जेवढी ठणकावून ऐकू येते तेवढी जुनी नाही. 1830 च्या सुमारास जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकानं ती मांडली आणि तिथून ती फैलावली. मंडळीला संकटातूनच जावं लागेल, असं म्हणणारे आहेत. प्रकटीकरण शब्दशः वाचू नये म्हणणारेही आहेत. सगळ्या बाजूंना प्रामाणिक, शिकलेले विश्वासणारे आहेत. पाळकसाहेबांशी बोला, ते समजावतील. पण उत्तर काहीही आलं तरी आजींना रात्री भूक लागणारच.

भिऊ नका असं मी म्हणणार नाही. ज्याच्या घरात दोनदा पंचगंगा शिरली त्याला भीतीचं काय शिकवायचं? पण एक बघा. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका. 39 चा आकडा कानावर आला की तुम्ही काय करता? धान्य माळ्यावर, सिलिंडर वर, कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत, म्हाताऱ्या माणसांना आधी हलवायचं. भीती वाटते आणि हात चालू लागतात. तुमच्या प्रचारकांचे आकडे ऐकल्यापासून मात्र हात थांबलेत. अशी भीती देवाकडून येते, हे मला पटत नाही.

हे नवीनही नाही. 1844 साली अमेरिकेत विल्यम मिलर या प्रचारकाचे अनुयायी 22 ऑक्टोबरला प्रभू येणार म्हणून वाट बघत बसले. काही शेतकऱ्यांनी पीक उभंच सोडलं. 23 तारीख उजाडली. त्याच्याही किती आधी, प्रभूच्या दिवसाच्या वावड्यांनी हादरलेल्या थेस्सलनीकाच्या मंडळीत काही जण कामधंदा टाकून नुसती लुडबुड करत फिरायचे. प्रेषित पौलानं त्यांना पत्रातून चांगलं झापलंय. गप कामाला लागा, स्वतःचं कमवून खा. पत्र काढून वाचा, दुसरं पत्र, तिसरा अध्याय.

राहिली आशा. पौल रोमकरांना लिहितो, संकटानं धीर येतो, धीरानं माणूस कसाला उतरतो आणि तिथून आशा येते. ती शेवटी येते, बाई, आणि मधे बरंच काही करावं लागतं. ज्या प्रकटीकरणानं तुमची झोप उडालीय, ते रोमी साम्राज्याच्या आशिया प्रांतातल्या सात गावांच्या मंडळ्यांना लिहिलेलं आहे. छळ सोसणाऱ्या माणसांनी ते एकत्र बसून ऐकायचं होतं, आणि त्याच्या शेवटाला देव डोळ्यांतलं पाणी पुसतो. तुमचे प्रचारक 21 व्या अध्यायापर्यंत कधी पोचतात का, मला शंकाच आहे.

तेव्हा उद्या संध्याकाळी साडेसातला साखळी सुरू होईल तेव्हा मोबाईल घरीच ठेवा. ग्रुपवर निरोप टाकू नका, तिथं लगेच तुमच्यासाठी प्रार्थना सुरू होईल. दोन भाकरी, भाजी, थोडा मऊ भात घेऊन बोळात जा. दोघींचं घेऊन जा आणि तिथंच बसून जेवा. साखळी नऊपर्यंत चालते ना? मग नऊपर्यंत बसा. परवा पुन्हा जा. इतकं करूनही झोप लागली नाही तर डॉक्टरांना दाखवा, त्यात विश्वास कमी पडत नाही.

आजी कदाचित रागावलेल्या असतील. इतके दिवस कुठं होतीस, म्हणून चार शब्द सुनावतील. मधे शास्त्रवचन आणू नका. ऐकून घ्या, आणि वाढा.