डेलिकेट आर्चला पहिल्यांदा जाताना

डेलिकेट आर्च बघायचा बेत छान आहे, नक्की जा! अमेरिकेच्या युटा राज्यातल्या आर्चेस नॅशनल पार्कमधली ही लाल वालुकाश्माची कमान पाऊस आणि बर्फाने कोरलेली आहे. समोर उभं राहिल्यावर पाय निघत नाही.

सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- पाणी. माणशी किमान २ लिटर. वाट जाऊन-येऊन जेमतेम ५ किलोमीटर, म्हणून लोक अर्धी बाटली घेऊन निघतात. पण उघड्या खडकाचा सलग चढ आहे आणि सावली जवळजवळ नाहीच. उन्हाळ्यात भल्या पहाटे निघा.
- गाडी वुल्फ रँचला लावा, कमानीची वाट तिथूनच सुरू होते. खालच्या व्ह्यूपॉइंटला गेलात तर कमान लांबूनच दिसेल, मध्ये दरी आहे. ही चूक फार जण करतात.
- खडकावर पायवाट उमटत नाही, रचलेल्या दगडांच्या खुणा बघत चला. बाजूच्या काळपट, खडबडीत मातीवर पाय देऊ नका. ती जिवंत आहे! सूक्ष्मजीवांचा तो थर वाळू धरून ठेवतो, आणि तुडवला तर भरून यायला वर्षानुवर्षं लागतात.

सूर्यास्ताला थांबणार असाल तर उतरायला प्रत्येकाकडे टॉर्च हवा, मोबाइलच्या उजेडावर विसंबू नका. आईबाबा सोबत असतील तर शेवटचा कड्यालगतचा टप्पा त्यांना आधीच सांगून ठेवा.